दाराचा घेर

बिल्डरच्या माणसाने दिलेल्या नकाशात
पलंगावर दोन उशा होत्या, कुंडीत झाड होतं,
सोफा होता तीन जणांचा,
आणि माणूस कुठेच नव्हतं.
चारशे पाच चौरस फूट कार्पेट.
अप्पा म्हणाले, कागदावरचं माप अंगाला बसत नाही,
ट्रायल घ्यावी लागेल.

म्हणून रविवारी चार वाजता
प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पच्या गच्चीवर
पारध्यांच्या वाळत घातलेल्या चादरी एका बाजूला सारून
अप्पांनी गळ्यातली टेप काढली,
खिशातून निळा चपटा खडू.
एकोणपन्नास वर्षं परक्या खांद्यांच्या, कमरांच्या
रेघा मारल्या त्यांनी असल्या खडूंनी.
गुडघे मोडून ते घर बेतायला बसले.

हॉल दहा बाय सोळा. बेडरूम नऊ बाय दहा.
टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे जाताना
सुहास टाकीच्या पाइपाला अडखळला.
तिथे आमचं न्हाणीघर होतं.

आई ओट्याशी उभी राहिली.
हवेतला फ्रिज उघडला, वाकली,
आणि कंबर गॅसला लागली म्हणाली.
खरंच लागल्यासारखी चोळत राहिली.
"फ्रिज बाहेर," अप्पा म्हणाले, आणि टाचेने पुसला.
अर्पिता बेडरूममध्ये आडवी होऊन बघत होती,
पंखा कुठे येईल ते.
आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय हे कळल्यावर
चटकन उठली, ओढणी झटकत.
इरा हॉलमधून सरळ मोरीत पळाली.
"भिंतीतून नको गं," आई ओरडली, "दारातून ये!"

मग झोपायच्या जागा.
सुहास, अर्पिता आत. इरा त्यांच्यात, अजून चार वर्षं तरी.
आई-अप्पा हॉलमध्ये, खिडकीखाली.
इथे सगळे थांबले.
चादरी तेवढ्या फडफडल्या.

मी सेहेचाळीस वर्षांची. बँकेतून सुटते साडेसहाला.
मला लागतं एक गादी, एक कपाट,
आणि रात्री वाचायला दिवा लावला
तर कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा कोपरा.
मी म्हणाले, माझं काय, मी कुठेही.
हे वाक्य काळाचौकीच्या खोलीपासूनचं.
इतकं धुतलंय की
घातलंय हेसुद्धा कळत नाही.

बोलता बोलता उभी राहिले ती नेमकी
किचनचं दार हॉलमध्ये उघडतं त्या पाव वर्तुळात.
नकाशात ती जागा मोकळी सोडतात,
दाराच्या घेरासाठी.
"तिथे नको, ताई," सुहास म्हणाला, "दार लागेल."

अप्पांनी मान वर केली.
बराच वेळ माझ्या पायांकडे बघितलं,
गिऱ्हाईक उभं असताना बघायचे तसं.
"किचनला दार हवंय कशाला? पडदा शिवतो."
टाचेने पाव वर्तुळ पुसलं.
त्याला लागून एक लहान चौकोन होता,
त्यावर त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं,
तोही पुसला.
"पाच फूट दोन. दाब धरून साडेपाच.
बसतेस."
टेप तर केव्हाच गळ्यात गेली होती.

अंधार पडल्यावर पारध्यांची सून चादरी न्यायला आली,
आमच्या हॉलमधून, आमच्या पलंगावरून चालत गेली,
"काय काढलंय हे, लंगडी का?" म्हणाली.
ती गेल्यावर मी मोबाइलचा टॉर्च
त्या पुसलेल्या चौकोनावर धरला.
छत्तीस इंच बाय अठरा.
निळं सगळं गेलं नव्हतं.
आत, खालच्या बाजूला, पायडलची आडवी रेघ होती,
आणि तिच्यासमोर, इतक्या फिकट की आधी दिसलंच नाही,
एक गोल. स्टूल.

खाली उतरले तर अप्पा आईला विचारत होते,
पडदा फुलाफुलांचा करायचा
की साधा.